थेंबभर रक्त आणि चिमूटभर वीज

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘मोजमाप’ हा विषय ठरवला आणि शरीराची मोजमापं माझ्या वाट्याला आली. साखर, बीपी, ऑक्सिजन, एचबी. तपासणीच्या यंत्रांतले सेन्सर कुठल्या कुठे गेलेत, त्यावर सविस्तर लिहा, असा त्यांचा आग्रह. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत दोन-चार शास्त्रज्ञांना भेटलं असतं तर लेख बसल्या जागी झाला असता. पण सेन्सर जन्माला येतो गार खोलीत आणि त्याचा संसार होतो भलतीकडे. तो संसार बघायचा तर ऊन, धूळ, घाम आणि अधूनमधून जाणारी वीज एकत्र नांदतात अशा गावी जायला हवं. म्हणून भर मे महिन्यात सोलापूर गाठलं.

विडी वळणारं बोट

कुंभारी शहराला लागूनच. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची, विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत इथली. जवळच रे नगर, जिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४मध्ये दिल्या गेल्या. सकाळी दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात. सुपात कापलेला तेंदूपत्ता, तंबाखू, दोरा. बोटं चालू असतात आणि तोंडही. मराठीत सुरू झालेलं वाक्य तेलुगूत संपतं आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

एका समाजमंदिरात तपासणी चालली होती. वर पत्रा, पंखा फिरत होता पण वारा गरमच. टेबलावर ग्लुकोमीटर, पट्ट्यांची डबी, टोचायच्या सुया आणि वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा. “अक्का, हात धुवून आलात ना?” हा पहिला प्रश्न. साबणाने धुऊन कोरडे केलेले हात हवेत, नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. बोटाला आंब्याचा रस किंवा गुळाचा चिकटा राहिला असेल तर तो थेंबात उतरतो आणि यंत्र त्याचीही साखर मोजतं. दिवाळीत लाडू वळता वळता उठून शुगर बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग बोट. विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा आणि तर्जनी वर्षानुवर्षं पत्त्यावर घासून निबर झालेली असतात. ठसे पुसट होतात, अंगठा लावायच्या मशीनला ते ओळखू येत नाहीत, ही तक्रार इथं जुनी आहे. सुईचंही तेच. टोक कातडीत पुरेसं उतरत नाही, थेंब येत नाही, मग बोट दाबून दाबून रक्त काढलं जातं. तसं दाबलं की रक्ताबरोबर पेशींच्या मधलं पाणी येतं आणि आकडा बिघडतो. टोचणाऱ्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी सरळ अनामिका धरली, तीही टोकाला नव्हे, कडेला. पहिला थेंब पुसला, दुसरा पट्टीच्या तोंडाशी नेला. पट्टीने तो आपणहून ओढून घेतला. पाच सेकंद.

त्या पाच सेकंदांत जे घडतं ते मला अजूनही नवलाचं वाटतं. पट्टीच्या टोकाला वाळवून बसवलेलं एक विकर असतं, बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा त्याचा एखादा भाऊबंद. रक्तातली साखर त्याला भेटली की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटतात, एक मध्यस्थ रसायन ते उचलून इलेक्ट्रोडवर नेऊन सोडतं आणि काही मायक्रोअँपियरचा प्रवाह वाहतो. यंत्र मोजतं तो हा प्रवाह. साखर ते मोजत नाहीच. प्रवाहावरून साखर किती असेल ते सांगतं. कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांची. त्यांनी १९५६मध्ये रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड मांडला आणि १९६२मध्ये त्यावर विकराचा थर चढवून साखर मोजायची वाट दाखवली. खिशात मावेल असं पेनाएवढं यंत्र बाजारात यायला मात्र १९८७ उजाडलं.

विकर म्हणजे प्रथिन. त्याला उष्णता आणि दमटपणा सोसत नाही. डबीवर बारीक अक्षरांत साठवणुकीची मर्यादा छापलेली असते, साधारण ३० अंश सेल्सिअस. सोलापूरचा मे चाळिशीच्या वर. पत्र्याखालच्या खोलीत कपाटात ठेवलेली डबी दिवसभर किती तापत असेल? फ्रिजमध्ये ठेवावी तर बाहेर काढताच आत पाणी धरतं. म्हणून त्या बाई डबी माठाच्या शेजारी, सावलीत ठेवायच्या. झाकणात ओल शोषणारे दाणे असतात, त्यामुळे एक पट्टी काढली की झाकण लगेच कट्‌ करून लावायचं. हे त्या इतक्या सवयीने करत होत्या की माझं आधी लक्षच गेलं नाही. दुपारी एकच्या सुमारास यंत्राने आकड्याऐवजी थर्मामीटरचं चिन्ह दाखवलं. यंत्राच्या पोटात तापमान मोजणारा दुसरा सेन्सर असतो आणि फार तापलं की ते काम बंद करतं. तपासणी थांबली. यंत्र ओल्या फडक्याजवळ, पंख्याखाली विसावलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा कामाला लागलं. मला ते यंत्र फार प्रामाणिक वाटलं. चुकीचा आकडा देण्यापेक्षा गप्प बसणं सगळ्यांना जमतं असं नाही.

रक्त पातळ असेल तर

यंत्र नवं, पट्टी ताजी, हात स्वच्छ, तरीही आकडा फसवू शकतो. या यंत्रांची आंतरराष्ट्रीय कसोटी आहे ती अशी: १०० किंवा त्याहून जास्त साखर असेल तर शंभरातल्या ९५ वेळा आकडा खऱ्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असला की यंत्र पास. म्हणजे खरी साखर २०० असताना यंत्राने १७० दाखवले काय किंवा २३० दाखवले काय, ते उत्तीर्णच. रोजची चढउतार बघायला हे पुरतं. एका आकड्यावर गोळी बदलायला पुरत नाही.

खरी गोम पुढे आहे. रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशींचं प्रमाण अमुक असेल असं यंत्र गृहीत धरतं, साधारण ४० टक्क्यांच्या आसपास. रक्त कमी असलेल्या बाईच्या थेंबात पेशी कमी आणि पाणी जास्त. अशा थेंबातून साखर विकरापर्यंत लवकर पोहोचते, प्रवाह वाढतो आणि साखर असते त्याहून जास्त दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. तेव्हा या टेबलापुढच्या रांगेत दर दुसऱ्या-तिसऱ्या थेंबाशी हा प्रश्न असणार हे उघड आहे. नवी, महाग यंत्रं थेंबातून आधी वेगळा विद्युतप्रवाह सोडून पेशींचं प्रमाण ताडतात आणि मग आकडा दुरुस्त करून देतात. स्वस्त यंत्रं तसं करतीलच असं नाही, आणि कुठलं यंत्र करतं ते खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी चाचणीही इथं अडखळते: लोह कमी असेल तर ती उगाच वर सरकते. म्हणजे रक्तक्षय आणि मधुमेह एकाच बाईत असले की एकाची मोजणी दुसऱ्यात पाय अडकवते.

मग आधी एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, नीट मोजा. जुन्या दवाखान्यांत अजूनही साहलीची नळी दिसते. रक्तात सौम्य आम्ल घालायचं, तपकिरी रंग येऊ द्यायचा, मग थेंब थेंब पाणी घालत तो रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. खिडकीतला उजेड बदलला की एचबी बदलतं! २०१८च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ने डिजिटल हिमोग्लोबिनमीटरचा आग्रह धरला तो याच कारणाने. त्यात डोळ्याऐवजी प्रकाशाचा सेन्सर रंग बघतो आणि त्याला दुपार-संध्याकाळ सारखीच.

न टोचता एचबी मोजता येईल का? महाराष्ट्रातल्याच काही तरुणांनी हा ध्यास घेतला होता. डॉ. अभिषेक सेन यांनी मुंबईबाहेरच्या पारोळ गावी रक्तक्षयामुळे गेलेली गर्भवती बाई पाहिली आणि मिश्किन इंगवले यांच्यासह काही मित्रांनी ‘टचएचबी’ हे यंत्र करायला घेतलं. बोटातून निरनिराळ्या रंगांचा प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोहोचला त्यावरून एचबी सांगायचं. ३२ वेळा ते फसलं, असं इंगवले यांनी २०१२च्या टेड व्याख्यानात सांगितलं होतं. त्यांच्याच बायोसेन्स कंपनीचं ‘यूचेक’ लघवीच्या पट्टीचे रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचायचं. मे २०१३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना पत्र धाडलं: या पट्ट्यांना परवानगी आहे ती माणसाच्या डोळ्याने वाचण्यासाठी, फोन वाचणार असेल तर फोन आणि पट्टी मिळून नवं वैद्यकीय यंत्र झालं, त्याची वेगळी परवानगी काढा. मोबाइलमधलं ॲप वैद्यकीय यंत्र ठरतं कधी, हा वाद जगभर तापायच्या बेतात होता आणि हे पत्र त्या सुरुवातीच्या काळातलं. टोचणं मात्र टळलं नाही. बोटाची जाडी, कातडीचा रंग, गार पडलेले हात या सगळ्यांतून एचबीचा अर्धा-पाव ग्रॅमचा फरक प्रकाशाने निवडून काढणं अवघड आहे. आणि गरोदर बाईला ११च्या खाली रक्तक्षय धरायचा म्हटल्यावर अर्ध्या ग्रॅमला फार किंमत येते.

पट्ट्यातली धडधड

बीपीच्या बाबतीत सेन्सरने डॉक्टरच्या कानाला निवृत्त केलं. पाऱ्याची उभी पेटी आणि कोपरावर स्टेथोस्कोप ही कोरोटकॉफ यांची १९०५ची पद्धत. पारा विषारी, म्हणून तो मिनामाता करारानंतर जगभर हटवला जातो आहे. त्याच्या जागी आलेल्या डिजिटल यंत्रात नखाएवढी सिलिकॉनची चिप असते. तिच्यावरचा पातळ पडदा दाबाने वाकतो आणि वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो. पट्टा फुगून सैल होत जातो तेव्हा धमनीची धडधड हवेतून त्या पडद्यापर्यंत पोहोचते.

ही धडधड सर्वांत मोठी होते ती सरासरी दाबाला. म्हणजे यंत्राच्या हाती खऱ्या अर्थाने लागतो तो मधला आकडा. वरचा आणि खालचा, ज्यांच्यावर घरोघरी चर्चा चालते, ते कंपनीने आपल्या गणिताने काढलेले असतात आणि ते गणित कंपनी सांगत नाही. दोन कंपन्यांची यंत्रं एकाच दंडावर वेगळे आकडे देतात ते एवढ्यासाठी. आकडा आणखी बिघडवायला माणूस समर्थ आहेच: जाड दंडाला छोटा पट्टा, साडीच्या ब्लाउजवरून गुंडाळलेला पट्टा, लोंबता हात, भरलेलं मूत्राशय आणि मोजताना चाललेल्या गप्पा. शेवटची गोष्ट सोलापुरात टाळणं सर्वांत कठीण. सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या एका औषधाच्या दुकानात मी थोडा वेळ उभा होतो. उन्हातून सायकल मारत आलेला माणूस तसाच उभ्या उभ्या काउंटरवर हात ठेवतो, यंत्र १६० सांगतं, दुकानदार ‘पाच मिनिटं बसा की काका’ म्हणतो आणि काका निघून जातात. त्या १६०ची बातमी घरी पोहोचते ती मात्र जशीच्या तशी.

लाल दिवा

एप्रिल २०२०मध्ये सोलापुरात कोविडचा पहिला रुग्ण सापडला आणि काही महिन्यांत ऑक्सिमीटर हा शब्द पाळण्यातल्या पोरांनाही ठाऊक झाला. त्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. आशाताई आणि शिक्षक दारोदार फिरले. एका हातात कपाळावर रोखायची तापाची बंदूक, दुसऱ्या हातात बोटाचा चिमटा. बंदूक कातडीतून निघणारी उष्णता वाचते, म्हणून उन्हातून आलेला माणूस तापलेला आणि घाम वाळत असलेला माणूस गार. तिचं फार मनावर घेऊ नये हे लोकांना लवकर कळलं. चिमट्यावर मात्र सगळ्यांनी जीव टाकला.

चिमटा टाकुओ आओयागी या जपानी अभियंत्याचा. ते काही वेगळंच मोजू पाहत होते. नाडीचे ठोके मध्ये येऊन मोजणी नासवायचे. १९७२मध्ये त्यांच्या लक्षात आलं की ही नासाडीच कामाची आहे. बोटातला जो प्रकाश ठोक्यागणिक कमीजास्त होतो तो धमनीच्या रक्ताचा; बाकीचा, म्हणजे कातडी, हाड, मांस यांचा, स्थिर. एक लाल दिवा, एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त दिवा आणि त्यांच्या चढउताराचं गुणोत्तर, एवढ्यावर अख्खा धंदा उभा राहिला. आओयागी एप्रिल २०२०मध्ये वारले, नेमका सारं जग त्यांच्या चिमट्यासाठी रांगा लावत असताना.

गुणोत्तरावरून टक्के सांगायला तक्ता लागतो. तो बनवतात निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजन देऊन. त्यांना ७०च्या फार खाली नेता येत नाही, म्हणून त्याखालचे आकडे निव्वळ रेघ पुढे ओढून काढलेले. आणि हे स्वयंसेवक कोण? अमेरिकेत जुन्या नियमाने दहा माणसं पुरायची, त्यांत दोन सावळी-काळी असली की झालं. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की रक्तात ऑक्सिजन कमी असूनही चिमटा ‘ठीक’ म्हणतो असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५मध्ये नवा मसुदा काढला. त्यात किमान दीडशे माणसं आणि निरनिराळे वर्ण मागितले आहेत. सोलापूरच्या उन्हात रापलेली बोटं त्या तक्त्यात कुठं बसतात, हा प्रश्न आपल्याकडे अजून कुणी जोरात विचारलेला दिसत नाही.

दुसरी गोष्ट या गावाने तरी माहीत करून घ्यावी अशी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला चिकटला की ते रक्त लाल दिव्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. यंत्रमाग आणि टॉवेल कारखान्यांच्या गावात आग नवी नाही. धुरात कोंडलेल्या माणसाच्या बोटावर ९८ दिसले म्हणून त्याला घरी धाडलं तर घात होऊ शकतो.

त्या काळात राज्यभर सहा मिनिटं चालायची चाचणीही सांगितली गेली: बोटाला चिमटा लावा, चाला, पुन्हा बघा. मला ती सबंध महामारीतली सर्वांत शहाणी सूचना वाटते. एका आकड्याने जे लपवलं असतं ते दोन आकड्यांतला फरक सांगून जातो.

टॉवेलची नाडी

नवी पेठेत घड्याळं मिळतात. ठोके, ऑक्सिजन, बीपी, झोप आणि काहींवर चक्क साखर. मनगटावर हिरवा दिवा मारून परत येणाऱ्या प्रकाशाची लहर वाचायची, हे तंत्र चांगल्या घड्याळांत ठोक्यांपुरतं उत्तम चालतं. एक स्वस्तातलं घड्याळ मी गुंडाळलेल्या सोलापुरी टॉवेलला बांधलं. थोडा वेळ विचार करून त्याने ठोके दाखवले. टॉवेलची तब्येत ठणठणीत होती. २०१९मध्ये चीनमधल्या लोकांनी हाच प्रयोग टॉयलेट पेपरच्या गुंडाळीवर करून करमणूक करून घेतली होती. कारण साधं: परतणाऱ्या प्रकाशात थोडी थरथर असतेच आणि गणिताला काहीही करून लय शोधायला शिकवलेलं असतं. साखरेचं तर सोडूनच द्या. कातडी न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला आहे. दुकानदाराला हे सांगितलं तर तो हसला. गिऱ्हाईक मागतं, तो ठेवतो.

दंडावर चिकटवायची चकती हा मात्र अस्सल माल. तिच्यातला केसासारखा तंतू कातडीखाली राहतो, त्यावर तेच क्लार्कसाहेबांचं विकर, आणि दोन आठवडे दर काही मिनिटांनी साखर कळत राहते. ती रक्तातली नसते, पेशींमधल्या पाण्यातली असते, म्हणून पाच ते पंधरा मिनिटं मागे चालते. ज्याची साखर झपाट्याने खाली येते आहे त्याने हे विसरून चालत नाही. एका डॉक्टरांकडे मी चकतीचा आलेख पाहिला. रात्री दोनला साखर घसरते, सकाळी उपाशीपोटी ती उलट चढलेली सापडते, म्हणून औषध वाढतं आणि रात्री आणखी घसरते. सकाळच्या एका टोचण्याने हे कधीच कळलं नसतं. पण चकतीला काही हजार रुपये पडतात. हजार विड्या वळून मिळणाऱ्या मजुरीत ती बसत नाही, आणि मेच्या घामात तिचा डिंक दोन आठवडे टिकवणं हे वेगळंच काम.

गोव्याची चिप

उन्हाळा गृहीत धरून बनवलेलं यंत्र कसं असतं ते क्षयरोगाच्या तपासणीत दिसतं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ‘ट्रूनॅट’ बॅटरीवर चालतं आणि त्याला वातानुकूलित खोली लागत नाही. थुंकीतून काढलेला जंतूचा डीएनए एका छोट्या चिपवर टाकायचा. चिप आळीपाळीने तापते, निवते, डीएनएच्या प्रती वाढतात आणि त्यांची चमक प्रकाशाचा सेन्सर टिपतो. २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. त्याआधीची परदेशी यंत्रणा उत्तम, पण तिला गार खोली आणि न जाणारी वीज हवी. इथं उलट चाल झाली: आधी उपकेंद्राची खोली बघितली, मग यंत्र आखलं.

बाटली आणि शिक्का

ग्लुकोमीटर बरोबर आहे की नाही हे बघायला कंपनी एक चिमुकली बाटली देते. तिच्यात ठरावीक साखरेचं पाणी असतं. थेंब पट्टीला लावायचा आणि डबीवर छापलेल्या पल्ल्यात आकडा येतो का ते बघायचं. उघडल्यावर ती बहुधा तीन महिनेच चालते. सोलापुरात जिथं जिथं ग्लुकोमीटर दिसला तिथं तिथं मी या बाटलीची चौकशी केली. एका खासगी लॅबमध्ये ती होती, उघडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवलेली. बाकी ठिकाणी ती खोक्यातच होती किंवा खोकंच नव्हतं.

कायदा नाही असं नाही. ग्लुकोमीटर, बीपी मशीन, डिजिटल थर्मामीटर आणि नेब्युलायझर १ जानेवारी २०२१पासून औषध कायद्याखाली आले. वैद्यकीय उपकरणं सरसकट या कायद्याखाली आली ती त्याआधी, एप्रिल २०२०पासून. पण त्यातून यंत्र विकायला येईपर्यंतची काळजी घेतली जाते. पुढची पाच-दहा वर्षं ते कुणाच्या टेबलावर, कुठल्या उन्हात, किती वेळा पडून-झडून चालतं, याची नोंद ठेवायची ती वापरणाऱ्यानेच. लक्ष्मी मंडईत भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो आणि तो वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो; वांगी पन्नास ग्रॅम कमी भरली तर गिऱ्हाईक तो शिक्का बघायला मागू शकतं. रक्तदाबमापक आणि ताप मोजायचं थर्मामीटर हीदेखील वैधमापन कायद्याच्या यादीत आहेत. औषधाच्या दुकानातल्या त्या बीपी मशीनला मी चारी बाजूंनी बघितलं. मागे किमतीचं लेबल होतं आणि बॅटरीचं झाकण सेलोटेपने चिकटवलेलं होतं.